लिबजेपेग टर्बो कंपाईल करायलेत? मग असेंब्ली आत गेली का ते बगा

लग्नसराई आली की लातूर-परभणीकडल्या स्टुडिओवाल्यांचे जुने पीसी हजारो जेपेग फोटो लहान करता करता मेटाकुटीला येतेत, म्हणून काहीजण उबंटूवर लिबजेपेग टर्बो (जेपेग फोटो झपाट्यानं उघडणारी-साठवणारी लायब्ररी) स्वतः कंपाईल करायलेत, म्हंजे सोर्स कोडपासून बनवायलेत. चांगलंय, पण एरर न येता बिल्ड झालं म्हणजे काम झालं असं नाही बरं का. या लायब्ररीचा सगळा जोर प्रोसेसरसाठी हातानं लिहिलेल्या असेंब्लीत, म्हंजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या कोडमधी हाय. जेपेगचं गणित 8 बाय 8 पिक्सेलच्या ठोकळ्यावर चालतं, त्यातले 16 बिटचे आकडे एसएसई2 (एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना, म्हंजे सिमड) एका दमात 8 उरकतं अन् त्याच जातीचं नवं एव्हीएक्स2 16.

इंटेल-एएमडीवर यासाठी नॅसम हा असेंबलर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) लागतो, 2.13 किंवा त्याच्या पुढचा. तो नसला तरी सीमेक (बिल्डची तयारी करणारा प्रोग्रॅम) थांबत नाही, परफॉर्मन्स मार खाईल अशी वॉर्निंग टाकतं अन् नुसता सी कोड बिल्ड करून मोकळं होतं, आता वर सरकून गेलेली ती ओळ कोण वाचतंय! म्हणून आधी एपीटीनं बिल्ड-इसेन्शियल, सीमेक, नॅसम टाका, बिल्डसाठी वेगळा फोल्डर करा अन् सीमेकला रिक्वायर-सिमड हा ऑप्शन 1 करून द्या, मोठ्या अक्षरात, मधी अंडरस्कोर. मंग असेंब्ली जमली नाही तर तिथंच अडतं. नॅसम नंतर टाकलं असलं तर बिल्ड फोल्डर उडवून नव्यानं सुरू करा, सीमेक जुनंच धरून बसतं. पुढं मेक.

मार्च-नेटिव्ह, म्हंजे याच मशीनच्या प्रोसेसरपुरता कोड बनवायचा कंपायलरचा ऑप्शन, त्याच्या नादी लागू नका. लायब्ररी चालतानाच प्रोसेसर ओळखते, दुसऱ्या पिढीच्या आय3 मधी एव्हीएक्स2 नाही तर गुपचूप एसएसई2 वर येते. नेटिव्ह करून नव्या मशीनवरचं बिल्ड जुन्यावर नेलं की 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आपटायची शक्यता.

आता खरी परीक्षा. सोबत येणाऱ्या टीजेबेंच या वेग मोजायच्या प्रोग्रॅमला एक मोठा फोटो द्या, मंग असेंब्ली बंद करणारं जेसिमड-फोर्सनन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून तोच फोटो परत चालवा, यातबी अंडरस्कोरच हाय. दोन्ही आकडे सारखेच आले तर असेंब्ली आत गेलीच नाही. प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होणारे) जेपेग उघडताना फरक कमीच दिसंल, तिथं बराच वेळ हफमन डिकोडिंगमधी, म्हंजे दाबलेला डेटा उलगडण्यात जातो.

इन्स्टॉल ऑप्ट फोल्डरमधीच होऊ द्या, सिस्टीमच्या लायब्ररीवर चढवू नका. अन् उबंटूचे प्रोग्रॅम 8 नंबरची लिबजेपेग शोधतेत, ही साध्या बिल्डमधी 62 नंबरची बनते, तवा विथ-जेपेग8 पण 1 करा, नाहीतर लायब्ररी शोधायचा पाथ कितीबी बदला, प्रोग्रॅम आपली जुनीच लायब्ररी उचलतंय.