अंगातून न निघणारा अंगरखा: चिनी वाचायला लागणाऱ्यांसाठी

2023 च्या पावसाळ्यात मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम करत होते. यंत्रं बसवायला चीनहून एक वयस्कर फिटर आले होते. त्यांना सगळे ‘शिफू’ म्हणत, आपण मिस्त्री किंवा उस्ताद म्हणतो तसं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते मुलाबद्दल बोलत होते. पोरगा पदवीधर झाला, घरी बसून आहे, आणि ‘त्याच्या अंगातला छांगशान काही निघत नाही.’ छांगशान म्हणजे पायघोळ अंगरखा. वाक्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी, म्हणजे बाराशे शब्द, मी पार केली होती. तरी शिफू काय म्हणाले ते मला कळलं नाही. शेजारचे दोन तरुण इंजिनिअर मात्र ते वाक्य ऐकून गप्प झाले.

तो अंगरखा मला सापडला चिनी लेखक लू शुन यांच्या ‘खोंग यिजी’ या 1919 सालच्या छोट्याशा कथेत. गावातला दारूचा गुत्ता. आखूड कपड्यातले कष्टकरी काउंटरपाशी उभ्यानं पितात, अंगरखेवाले आतल्या खोलीत बसून सावकाश पितात. अंगरखा घालून उभ्यानं पिणारा एकच माणूस, खोंग यिजी. शिकला, पण परीक्षा पास झाला नाही. हातानं काम करणं त्याला जमत नाही. अंगरखा मळलेला, फाटलेला, पण तो उतरवला तर आपण कोण उरतो, हे त्याला ठाऊक नाही. ज्या राजपरीक्षांपायी अशी माणसं उभं आयुष्य घालवत, त्या 1905 मध्ये बंद झाल्या.

ही कथा चीनमध्ये नववीच्या पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती माहीत. 2023 च्या सुरुवातीला तिथल्या तरुणांनी इंटरनेटवर लिहायला घेतलं की आमची पदवी म्हणजे खोंग यिजीचा अंगरखा, ती उतरवून कारखान्यात जाता येत नाही आणि तिच्या जोरावर नोकरीही मिळत नाही. सीसीटीव्ही या सरकारी वाहिनीनं त्यावर भाष्य केलं: खोंग यिजी बुडाला तो शिक्षणामुळे नव्हे, सुशिक्षितपणाचा तोरा सोडता आला नाही म्हणून. तरुण आणखी चिडले. त्या वर्षी 1 कोटी 15 लाखांहून जास्त विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडणार होते. जूनमध्ये शहरांतल्या 16 ते 24 वयोगटातली बेरोजगारी 21.3 टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये सरकारनं तो आकडा जाहीर करणंच काही महिने थांबवलं. शिफूंच्या एका वाक्यात हे सगळं होतं.

म्हणून चीन समजून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: चीनबद्दल लिहिलेलं नंतर वाचा, चिनी मुलं शाळेत जे वाचतात ते आधी वाचा. आपल्याकडे ‘श्यामची आई’ न वाचता मराठी घर कळेल का? तसंच आहे हे. आठवीच्या पुस्तकात चू झछिंग यांचा 1925 सालचा एक ललितलेख आहे. जाडजूड वडील रेल्वेचे रूळ ओलांडतात, पलीकडच्या फलाटावर धडपडत चढतात आणि मुलासाठी संत्री घेऊन येतात. मुलगा पाठमोऱ्या बापाकडे बघत राहतो. प्रेम शब्दांत न मांडणारे बाप मला आमच्या कारखान्यातही दिसत होते. या लेखानंतर त्यांच्याशी बोलताना माझा सूर बदलला.

थेट नववीच्या पुस्तकाला मात्र हात घालू नका. तिसरीच्या पुस्तकापासून सुरुवात करा. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे पहिले काही महिने शब्द कुठे संपतो हेच शोधावं लागतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोबाइलवर प्लेको कोश ठेवा, पण एक पान तीनदा वाचा आणि पहिल्या वेळी कोश उघडू नका. पुढे तिथल्या शाळकरी मुलांचा ‘शिन्हुआ’ शब्दकोश वापरा. तो 1953 पासून चालत आलेला आहे. चिनी शब्दाचा अर्थ चिनीतच वाचायला लागलात की इंग्रजीचा चष्मा उतरतो.

आणि तो उतरवणं मराठी माणसाला सोपं आहे, हे मी अनुभवानं सांगते. इंग्रजीतून चिनी शिकणारे नात्यांच्या धड्याला रडकुंडीला येतात. आपल्याला काय अवघड आहे? ज्यौज्यौ म्हणजे मामा, गूगू म्हणजे आत्या, यी म्हणजे मावशी. वडिलांचा धाकटा भाऊ शूशू आणि थोरला बोबो, एवढा एक फरक लक्षात ठेवायचा. थांबायचं ते भावंडांपाशी. काकांची मुलं ‘थांग’, म्हणजे एका ओसरीवरची, एका आडनावाची. आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ हे सगळे ‘ब्याओ’, म्हणजे बाहेरचे. सख्ख्या आत्याची मुलंसुद्धा बाहेरची, कारण आत्या लग्न होऊन गेली. घर कोणाचं, हे एका अक्षरानं ठरवलेलं आहे. लग्नालाही दोन क्रियापदं आहेत. मुलगी लग्न करते ते अक्षर ‘बाई’ आणि ‘घर’ मिळून होतं. मुलगा करतो त्या अक्षरात वर ‘घेणे’ आणि खाली ‘बाई’. ‘मुलगी कुठे दिली?’ हा प्रश्न ऐकत वाढलेल्याला ही दोन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. मला ती पहिल्यांदा उलगडली तेव्हा वही मिटून मी बराच वेळ बसून होते.

कथा-कवितांइतकाच माझा जीव नोकरीच्या जाहिरातींवर आहे. नवे विद्यार्थी त्या वाचत नाहीत आणि फार मोठ्या गोष्टीला मुकतात. चार ओळींत अख्खा समाज असतो. ‘35 वर्षांखालील’ ही अट पुन्हा पुन्हा दिसते, तेव्हा पस्तिशीची धास्ती म्हणजे काय ते कळतं. ‘जेवण-राहणं कंपनीकडे’ असं असेल तर गाव सोडून आलेला कामगार हवा आहे. ‘पाच विमे, एक निधी’ म्हणजे निवृत्तिवेतन, आजारपण, बेरोजगारी, कामावरचा अपघात आणि बाळंतपण यांचे विमे, शिवाय घरासाठीचा निधी. कधी विशिष्ट शहराचं ‘हूखौ’ मागितलेलं असतं. ही कुटुंबाची सरकारी नोंद. 1958 च्या कायद्यानं ती गाव आणि शहर अशी पक्की वेगळी केली, आणि मुलं कोणत्या शाळेत जाणार इथपर्यंत तिचा हात पोचतो. मी रोज एक जाहिरात वाचायचे आणि न कळलेला शब्द शिफूंना विचारायचे. एकेका शब्दावर ते अर्धा तास बोलत. गावी आजीपाशी ठेवलेल्या मुलाची गोष्ट त्यांनी मला ‘हूखौ’ या शब्दावरूनच सांगितली.

माणसाला विचारणं सोडू नका. पाठ्यपुस्तकात काय घालायचं ते सरकार ठरवतं आणि जाहिरातीत मालकाची बाजू असते. मजकूर तुम्हाला प्रश्न देतो, उत्तर बहुतेक वेळा जेवणाच्या टेबलावर मिळतं.

तीन-चार वर्षं टिकलात तर जुन्या चिनीकडे वळा. मी वळले ते ह्युएन त्सांगमुळे. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी होत्या, एवढीच ओळख. त्याचा प्रवासवृत्तान्त 646 मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या अकराव्या भागात महाराष्ट्र आहे, चालुक्य राजा पुलकेशीचा महाराष्ट्र. चार-चार अक्षरांच्या तुकड्यांत तो इथल्या माणसांबद्दल लिहितो: ‘यौ अन बी बाओ, यौ युआन बी फू’. उपकार केला तर फेडतील, वैर धरलं तर उगवतील. सूड घ्यायचा तर आधी कळवून, दोघांनी चिलखत चढवून मग लढतील. शरण आलेल्याला मारणार नाहीत. ते अर्धं पान वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी हरलेल्या सेनापतीबद्दल एक वाक्य आहे. त्याला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेनं स्वतः मरतो.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी शिफूंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, ‘कपडे’ या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडेही?’