घट्ट झालेला टच-अप रंग वाया घालवू नका

मराठवाड्यात पारा 40 च्या वर गेला की गाडीचे ओरखडे झाकायच्या टच-अप रंगाची एकदा उघडलेली बाटली आतल्या आत घट्ट होते. ओरखडा मात्र तसाच राहतो. नवी बाटली आणण्याआधी हे करून बघा.

1. झाकण चिकटलं असेल तर बाटली उलटी करून फक्त झाकण कोमट पाण्यात धरा. पक्कड लावली की काच फुटते.
2. लॅकर थिनरचे (रंग पातळ करायच्या द्रावणाचे) दोन-तीन थेंब सिरिंजने टाका. टर्पेंटाइन नको, रंग फाटतो.
3. सायकलच्या बेअरिंगचा स्वच्छ छर्रा आत सोडून चांगलं हलवा. तळाशी बसलेला रंग नुसत्या हलवण्याने सुटत नाही, खरं काम छर्राच करतो. रंग दुधासारखा ओघळला की पुरे. पाण्यासारखा झाला तर तो झाकणार काय!
4. आधी जुन्या पत्र्यावर लावून, वाळल्यावर छटा जुळवा. मग गाडीवर, ब्रशऐवजी टूथपिकने, पातळ थर देत.

थिनर टाकूनही रंग रबरासारखा राहिला तर बाटली फेका. हे काम मोकळ्या हवेत, गॅस-शेगडी आणि विडी-काडीपासून लांब करा.