पंचेचाळिशीत पळायला लागताय? आधी हळू पळायला शिका

या वयात पळायचं ठरवलं की आजूबाजूचे दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे ‘गुडघे जातील’. दुसरी, ‘रोज पाच किलोमीटर मारा, आपोआप जमेल’. धडधाकट गुडघे बेताच्या पळण्याने झिजत नाहीत, त्यामुळे पहिलं सोडून द्या. दुसरा सल्ला मात्र घातक आहे, आणि देणारे तो फार आत्मविश्वासाने देतात.

रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. पळताना छातीत, जबड्यात किंवा हातात दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

अर्धा तास भरभर चालणं सहज जमायला लागलं की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. अंगवळणी पडलं की पळण्याची मिनिटं थोडी वाढवायची, चालण्याची कमी करायची. एवढंच.

खरी मेख वेगात आहे. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला लागला. ‘हळू पळा’ म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला धापा टाकत असतात. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. नडगीचं हाड आणि टाचेमागचा स्नायुबंध यांना महिनोन् महिने लागतात, आणि वय वाढेल तसे जास्तच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात छाती साथ द्यायला लागते, उत्साह वाढतो, आणि नेमके तेव्हाच लोक जायबंदी होतात. दम पुरतोय म्हणजे पाय तयार आहेत, असं अजिबात नाही.

वेग ओळखायला घड्याळ नको. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न’ इथवर एका श्वासात आलात तर वेग बरोबर. ‘दुणे’पाशीच श्वास तुटला तर हळू करा. तरीही तुटला तर चाला. मनातल्या मनात म्हणून चालत नाही, आवाज फुटला पाहिजे. लोक बघतात, बघू देत. मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघून पळणाऱ्यांना एक सांगतो: हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे. तुमचा खरा आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वर-खाली असू शकतो. पाढा फसवत नाही.

हळू पळायचं म्हणजे लांब ढांगा सावकाश टाकायच्या, असं नव्हे. पावलं छोटी आणि चटचट पडली पाहिजेत. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, पुढे फेकू नका. बुटांचा थपाथपा आवाज येत असेल तर पाऊल अजून लांब पडतंय. किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं लागली तरी काहीही बिघडत नाही. शेजारून एखादे आजोबा भरभर चालत पुढे जातील, त्यांना जाऊ द्या. मे महिन्यात, ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मुंबईच्या दमट हवेत वेग आणखी कमी करा, कारण उन्हात शरीर तापत राहतं आणि दमट हवेत घाम सुकत नाही. आणि सुरुवातीचे सहा महिने तुमच्यापेक्षा वेगवान माणसाबरोबर पळू नका, मग तो कितीही जिवलग असो.

हा काही कमजोरांचा मार्ग नाही. १९६२ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड मध्यमवयीन माणसांना असंच गप्पा मारता येतील इतक्या बेताने पळवत होते. त्याच वर्षी अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. वय पन्नाशीपार. त्यांच्याहून बऱ्याच वयस्कर माणसाच्या बरोबरीनेही त्यांना पळता येईना. परतल्यावर त्यांनी हीच पद्धत आपल्या गावातल्या लोकांना शिकवली.

पळून आल्यावर नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालपर्यंत न्या. वीतभर भागात ठणका असेल तर चार-पाच दिवस पळणं बंद, फक्त चालणं. पण एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर हाडाला तडा जात असण्याची शक्यता असते. त्यावर बाम चोळून पुन्हा पळायला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता घटते, त्यामुळे बायकांनी तर ‘अंग दुखतंय, होईल बरं’ म्हणून हे अंगावर काढू नयेच.

सलग अर्धा तास पळता यायला लागलं की पुढचं सोपं आहे. रविवारचं पळणं दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. आठवड्यातून दोनदा बैठका मारा आणि जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा. हे टाळणाऱ्यांच्या पोटऱ्या हमखास आखडतात. दोनेक महिन्यांनी, सोपं पळून झाल्यावर, वीस-वीस सेकंद चार वेळा वेगात पळा आणि मध्ये पूर्ण दम खाऊन घ्या. वेग वाढवायला पहिल्या वर्षी एवढं पुरतं.

पहिली शर्यत पाच किंवा दहा किलोमीटरची आणि सपाटीवरची निवडा. मित्रांनी नाव घातलं म्हणून थेट साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला जाऊ नका. तिथला यवतेश्वर घाटाचा चढ दम काढतो हे सगळे सांगतात, पण नवख्या मांड्यांची खरी वाट लागते ती परतीच्या उतारावर. जायचंच असेल तर आधी दोन-तीन महिने जवळच्या टेकडीवर छोट्या पावलांनी उतरण्याचा सराव करा.