कुत्र्याला फिट आली की आधी मोबाइलचा व्हिडिओ सुरू करा

कुत्र्याला फिट आली की घरात पळापळ होते आणि नंतर डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ चालली?" तर कुणालाच नीट सांगता येत नाही. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटसुद्धा दहा मिनिटांएवढं वाटतं.

यावर सोपा उपाय:

१. फिट सुरू होताच मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन कशाला तरी टेकवून ठेवा. वेळ आपोआप मोजली जाते. पाय कसे ताठरले, जबडा कसा वाजत होता, लघवी झाली का, हे सगळं डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसतं. आपल्या वर्णनापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

२. आता हात मोकळे झाले. जिना, टीपॉय, खुर्च्या यांपासून त्याला वाचवा, डोक्याखाली गोधडीची घडी सरकवा. टीव्ही, दिवे बंद. पंखा चालू, कारण झटक्यांनी अंग तापतं.

३. थांबल्यावर कॅलेंडरवर तारीख, वेळ, मिनिटं लिहा. फिटची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती उशिरा दिली होती का, तेही. फिनोबार्बिटोन (फिट रोखण्याची गोळी) चालू असेल तर ही नोंद फार कामाची.

शुद्धीवर येताना कुत्रं धडपडतं, क्वचित दिसतही नाही त्याला. हळू आवाजात नाव घेत राहा. पूर्ण सावध होईपर्यंत पाणीही पाजू नका.

तोंडात हात किंवा चमचा अजिबात घालू नका. कांदा-चप्पल हुंगवूनही काही होत नाही. व्हिडिओत पाच मिनिटं उलटली, किंवा चोवीस तासांत दुसरी फिट आली, तर थेट दवाखाना गाठा. आणि गोळ्या मनाने कधीच बंद करू नका.