फेदरस्टोनहॉ की फॅनशॉ? एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

रोमन लिपीत सतरा अक्षरांची जागा अडवणारे आणि बोलताना पुष्कळदा दोनच अक्षरांत आटोपणारे फेदरस्टोनहॉ हे आडनाव इंग्लंडच्या अगदी उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यातले आहे. काही वर्षांपूर्वी एका भाषांतराची मुद्रिते तपासताना मी ते डोळे झाकून ‘फेदरस्टोनहॉघ’ असे जाऊ दिले. दुसऱ्या प्रकरणाच्या भाषांतरकाराने उच्चारकोश पाहून त्याच गृहस्थांना ‘फॅनशॉ’ केले होते, आणि पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाने पत्राने विचारले की पहिल्या प्रकरणातले हॉघ पुढे कुठे नाहीसे झाले. तेव्हापासून या आडनावाच्या वाटेवरचे खड्डे मी नोंदवून ठेवत आलो आहे. इंग्रजी कुलनामांची व्युत्पत्ती आणि त्यांचा प्रसार शोधणाऱ्या कोणालाही या एका उदाहरणावरून बरेच धडे घेता येतील, कारण होऊ शकणारी जवळजवळ प्रत्येक चूक या नावाबाबत होऊन गेली आहे.

पिसे आणि दगड

पहिली चूक अर्थातच आजच्या इंग्रजी शब्दांवरून अर्थ लावण्याची. ‘फेदर’ म्हणजे पीस, ‘स्टोन’ म्हणजे दगड, तेव्हा पिसासारखा हलका दगड, किंवा पिसाची नक्षी उमटलेला दगड, असे अर्थ बिनदिक्कत सांगितले जातात. यातला दगड खरा आहे. पीस मात्र खोटे आहे. नावाच्या आरंभी आहे तो प्राचीन इंग्रजीतला ‘चार’ या संख्येचा समासात येणारा अवतार. त्या भाषेत सुटी संख्या ‘फेओवर’ अशी होती, पण समासात शिरताना ती ‘फेदर’ असे रूप घेई. चार पायांच्या जनावराला ‘फेदरफोटे’ म्हणत. मराठी माणसाला हे समजायला अडचण पडू नये, कारण आपलाही ‘चार’ समासात शिरला की ‘चौ’ होतो. चौकोन, चौरंग, चौघडा यांत ‘चार’ शोधणाऱ्याला तो सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

म्हणजे ‘फेदरस्टोन’ म्हणजे चार दगडांची जागा. स्थलनामांच्या अभ्यासकांच्या मते हे चार दगड म्हणजे तीन उभ्या शिळा आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली चौथी शिळा, अशी प्राचीन शिळारचना असावी. यॉर्कशरमध्ये पाँटिफ्रॅक्टजवळ आणि स्टॅफर्डशरमध्येही फेदरस्टोन नावाची गावे आहेत आणि त्यांच्या नावांचा उलगडा असाच केला जातो. म्हणून नुसते फेदरस्टोन आडनाव दिसले की त्याला लगेच नॉर्थम्बरलंडच्या घराण्याची शाखा ठरवणे हीही त्याच घाईची पुढची पायरी आहे.

पिसाची समजूत इतकी घट्ट बसण्याला या घराण्याचे कुलचिन्हही कारणीभूत आहे. त्यांच्या ढालीवर लाल पार्श्वभूमीवर शहामृगाची तीन पिसे आहेत, आणि ही पिसे नावाचा उगम सिद्ध करतात असे ठामपणे सांगणारे अनेक भेटतात. प्रत्यक्षात मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नावावर श्लेष करणारी चिन्हे घेण्याची हौस फार होती. चिन्ह ठरले तोवर ‘चार’चा अर्थ लोक विसरले होते आणि कानाला पीसच ऐकू येत होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला दिले जात नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या रीतसर वारसांना मिळते, आणि त्याची नोंद १४८४ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेकडे असते. तेव्हा ‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवून विकले जाणारे चित्र दिवाणखान्यात लावायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून ते कामाचे नाही.

शेवटचा ‘हॉ’ शेपूट नव्हे

बरेच जण फेदरस्टोनचा अर्थ लावून थांबतात आणि उरलेल्या पाच रोमन अक्षरांना लेखनातली विक्षिप्त सजावट समजून सोडून देतात. नेमकी तीच अक्षरे या आडनावाला त्याच्या गावी नेऊन पोचवतात. प्राचीन इंग्रजीत ‘हाल्ह’ म्हणजे जमिनीचा कोपरा, बेचक्यातली जागा. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या शब्दाला नदीकाठच्या सपाट, गाळाच्या जमिनीचा अर्थ आला. कृष्णाकाठी आपण जिला मळी म्हणतो, तीच ही जमीन. हॉल्टविसल या गावाच्या नैर्ऋत्येला साउथ टाइन नदी वळण घेते, आणि त्या काठावर फेदरस्टोन कॅसल आजही उभा आहे. चार शिळांच्या जागेजवळची मळी, असा सगळ्या आडनावाचा अर्थ जुळतो. नॉर्थम्बरलंडमधली माणसे सुट्या शब्दाचा उच्चार आजही ‘हॉफ’च्या जवळ जाणारा करतात, त्यामुळे स्थानिक माणसाच्या तोंडून तसे ऐकू आले तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नये.

एकच उच्चार बरोबर आहे असे मानणे

इंग्रजीतल्या चमत्कारिक उच्चारांच्या याद्यांमध्ये हे आडनाव हटकून असते आणि त्यासमोर ‘फॅनशॉ’ एवढाच उच्चार दिलेला असतो. चमलीचे लेखन जसे चोल्मोंडेले, बीचमचे जसे ब्यूचॅम्प, तसेच हे, असे सांगून विषय संपवला जातो. नावाच्या पहिल्या अवयवावर जोरदार आघात पडला की मधले अवयव गिळले जातात ही इंग्रजीची खोड खरी आहे, आणि फॅनशॉ हा उच्चार प्रचलित आहे हेही खरे आहे. पण हे आडनाव लावणारी सगळी माणसे तसा उच्चार करत नाहीत. फेस्टनहॉ, फीसनहे असे आखूड उच्चार नोंदले गेले आहेत आणि सरळ फेदरस्टनहॉ म्हणणारेही आहेत. कोणत्या शाखेत काय म्हणतात ते त्या शाखेलाच विचारावे लागते. यादी पाठ करून आलेल्या परक्याने घरच्या माणसाला त्याच्याच नावाचा उच्चार शिकवावा, यासारखा हास्यास्पद प्रसंग नाही.

याच्या उलट चूक अधिक नुकसान करते. फॅनशॉ असे लिहिले जाणारे एक स्वतंत्र आडनावही आहे. ते डर्बीशरमधल्या होम्सफील्डजवळच्या फॅनशॉ गेट या ठिकाणाचे, म्हणजे साउथ टाइनपासून पुष्कळ दक्षिणेकडचे. सर रिचर्ड फॅनशॉ हा सतराव्या शतकातला कवी आणि राजदूत त्या घराण्यातला. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या ब्रागांझाच्या कॅथरीनशी झालेल्या विवाहाच्या कामी त्याला १६६१ मध्ये पोर्तुगालला पाठवले होते, आणि त्याच विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. मुंबईच्या इतिहासावर लिहिताना हे नाव भेटले, तर उच्चाराच्या साम्यावरून त्याला फेदरस्टोनहॉ करू नये. कानाला एक वाटणाऱ्या या दोन आडनावांचा रक्ताचा किंवा मातीचा काही संबंध नाही.

एकाच लेखनावर विसंबून मोजदाद करणे

हे आडनाव किती दुर्मीळ आहे, या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोणते लेखन शोधतो यावर अवलंबून असते. पहिल्या अवयवातला ‘ए’ असणे वा नसणे, ‘स्टोन’च्या शेवटचा ‘ई’ असणे वा नसणे, आणि शेवटी ‘हॉ’, ‘हाल्घ’ किंवा नुसता ‘हॉ’चा अपभ्रंश असणे, एवढ्यानेच डझनभर रूपे होतात. ससेक्समधल्या अपपार्क या वाड्याच्या घराण्याने ‘ए’ आणि ‘ई’ दोन्ही गाळले. ज्याच्याविषयी पुढे लिहिले आहे त्या भूशास्त्रज्ञाने ‘ए’ ठेवला आणि ‘ई’ गाळला. सामान्यतः छापले जाणारे सतरा अक्षरांचे रूप या दोघांपैकी कोणीही वापरत नव्हते. तेवढेच रूप शोधून आलेला आकडा म्हणजे संपूर्ण आडनावाचा आकडा असे मानणाऱ्याने दुर्मीळ आडनाव आणखी दुर्मीळ करून ठेवलेले असते.

यातून मार्ग काढायचा तर इंग्लंडमधल्या नोंदींचे थर ध्यानात ठेवावे लागतात. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या १५३८ च्या आदेशानंतर सुरू झाल्या, आणि त्यांत पाद्र्याने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. १८४१ पासूनच्या जनगणनांचे कागद पुढे संगणकावर उतरवताना वाचनाच्या नव्या चुका त्यात शिरल्या. म्हणून शोधताना पूर्ण नाव न देता पहिली तीन-चार अक्षरे आणि शेवटची दोन-तीन अक्षरे देऊन मधली जागा तारांकनाने मोकळी सोडावी, आणि निकालातली प्रत्येक नोंद मूळ पानाच्या छायाचित्राशी ताडून पाहावी. याचबरोबर ‘फेदरस्टोन’ आणि ‘फॅनशॉ’ या नावांखालीही त्याच गावातली, त्याच पत्त्यावरची माणसे आहेत का ते तपासावे, कारण घाईतल्या कारकुनाने शेपूट कापलेले असणे किंवा ऐकल्याबरहुकूम लिहिलेले असणे अगदी शक्य असते.

भूगोलाकडेही डोळसपणे पाहावे. नॉर्थम्बरलंड हे मूळ घर असले तरी शेजारच्या कंबरलंडमधल्या कर्कऑसवल्डला एक शाखा होती. तिथल्या सर टिमथी फेदरस्टनहॉचा इंग्लंडमधल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढल्याबद्दल १६५१ मध्ये चेस्टरला शिरच्छेद झाला. आयर्लंडच्या वेस्टमीथमध्येही हे नाव रुजले आणि तिथून ऑस्ट्रेलियाला गेले. त्यामुळे आजच्या नकाशावर एखाद्या दूरच्या ठिकाणी ठिपका दिसला म्हणून उगम तिथला ठरत नाही.

आडनाव म्हणजे रक्त, ही समजूत

वंशावळ मांडणाऱ्यांना या नावाने सर्वांत मोठा चकवा दिला तो अपपार्कला. सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी १७४७ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली. त्यांचे चिरंजीव सर हॅरी यांनी तारुण्यात पुष्कळ रंग उधळले आणि सत्तरी ओलांडल्यावर, १८२५ मध्ये, आपल्याच दूधदुभत्याच्या कोठारातल्या मेरी ॲन बुलक या तरुण कामकरणीशी लग्न केले. १८४६ मध्ये ते निपुत्रिक वारले. सगळे मेरी ॲनकडे आले, तिच्यामागून तिची बहीण फ्रान्सिस हिच्याकडे आले, आणि फ्रान्सिसने फेदरस्टनहॉ हे आडनाव धारण केले. १८९५ मध्ये तीही गेल्यावर इस्टेट कर्नल टर्नर यांना मिळाली, त्यांनीही नाव लावले. १९३० च्या सुमारास ती ॲडमिरल मीड यांच्याकडे आली, ते मीड-फेदरस्टनहॉ झाले.

म्हणजे हॅरींच्या मृत्यूनंतर जवळजवळ शतकभर त्या वाड्यात फेदरस्टनहॉ नांदत होते, आणि त्यांच्यातल्या एकाचेही चार शिळांच्या मळीशी रक्ताचे नाते नव्हते. आपल्याकडे दत्तकविधानाने गादी चालते हे ठाऊक असल्याने मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, परंतु इंग्लंडमध्ये हे काम बहुधा मृत्युपत्रातल्या अटीने होई: मालमत्ता हवी असेल तर नाव लावा. फ्रान्सिसच्या पदरी १८८० पासून घरव्यवस्थापिका असलेल्या सारा वेल्स या कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्या मातोश्री. तिथल्या नोकरखान्याच्या हिशेबवह्यांत ‘मिस फेदरस्टनहॉ’ असे दिसले, तर ती बुलक घराण्याची मुलगी आहे हे विसरणाऱ्याची वंशावळ तिथेच वाकडी होते. दुर्मीळ आडनावाची सगळी माणसे एकाच पूर्वजाची असणार, हा तर्क मोहक असतो, परंतु मृत्युपत्रे आणि नामांतराचे परवाने पाहिल्याशिवाय त्यावर एकही रेघ ओढू नये.

पोवाड्यावर विश्वास

नॉर्थम्बरलंडच्या फेदरस्टनहॉ घराण्यातल्या एकाचा १५३० मध्ये शेजारच्या रिडली मंडळींनी खून केला. या घटनेवर एक जुनाट बोलीतला पोवाडा आहे, आणि घराण्याच्या कथेत तो मोठ्या हौसेने उद्धृत होतो. तो पोवाडा डरॅमचा इतिहासकार रॉबर्ट सर्टीस याने स्वतः रचला होता आणि एका म्हातारीच्या तोंडून ऐकला असे सांगून वॉल्टर स्कॉटकडे पाठवला होता. स्कॉटने १८०८ च्या आपल्या ‘मार्मियन’ या काव्याच्या टिपांत तो अस्सल म्हणून छापला. लोकगीतांचा एवढा जाणकार संग्राहक फसला, तिथे संगणकावर बसल्या बसल्या पाच मिनिटांत तीच कडवी उतरवून घेणाऱ्याला दोष काय द्यावा! पण खून खरा आणि पोवाडा बनावट, हा भेद मात्र लिहिताना राखला पाहिजे.

देवनागरीत काय लिहावे

मराठीत लिहिताना मी आता एक साधा नेम पाळतो. आडनावाची चर्चा असेल तर फेदरस्टोनहॉ, व्यक्तीचा उल्लेख असेल तर तिच्या घरातला उच्चार माहीत असल्यास तो, नसल्यास फेदरस्टनहॉ, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळीच दुसराही उच्चार आहे हे एका वाक्यात नमूद करायचे. शेवटी ‘घ’ मात्र कधीच नाही.

माझ्या त्या फसलेल्या मुद्रितांमधले गृहस्थ जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ हेच होते. १७८० मध्ये लंडनला जन्मलेले, अमेरिकेत जाऊन मोहॉक-हडसन रेल्वेचा पाठपुरावा करणारे, १८३४ मध्ये अमेरिकी सरकारचे पहिले भूशास्त्रज्ञ झालेले हे गृहस्थ पुढे फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल होते. १८४८ च्या क्रांतीत पदच्युत झालेल्या लुई फिलीप राजाला गुपचूप इंग्लंडला पोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. राजाला त्यांनी आपले काका म्हणून बोटीवर चढवले, आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव मुळीच न देता कागदोपत्री त्याचे नाव ठेवले मिस्टर स्मिथ.