फ्युजन प्लाझ्मातले अल्फा कण: दिसत तर नाहीत, मग अभ्यास करायचा कुठून?

ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (हायड्रोजनचे दोन जड प्रकार) एका फ्युजनमधून १७.६ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) निघतात, त्यातले १४.१ घेऊन न्यूट्रॉन भिंतीकडे पळतो, उरलेले ३.५ अल्फाच्या, म्हणजे हेलियमच्या केंद्रकाच्या, वाट्याला. अल्फावर चार्ज असल्यामुळे तो चुंबकीय क्षेत्रात अडकून राहतो आणि प्लाझ्माला आतून तापवतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. यापुढे लगेच मोठा कोड डाउनलोड करून बसू नका, आधी वही घ्या आणि पाच आकडे काढा.

उदाहरण म्हणून फ्रान्समध्ये उभं राहत असलेलं इटर हे फ्युजन यंत्र घ्या, क्षेत्र ५.३ टेस्ला. ३.५ एमईव्हीच्या अल्फाचा वेग सेकंदाला साधारण १३,००० किमी, त्याच्या गिरकीची त्रिज्या जास्तीत जास्त ५ सेमी, आणि एक गिरकी सुमारे २५ नॅनोसेकंदात. आता अल्फवेन लाटेचा (प्लाझ्मात चुंबकीय रेषांवरून धावणारी लाट) वेग काढा, घनता घनमीटरला १०^२० कण धरली तर तो ७,००० किमीच्या थोडा वर येतो. सगळी भानगड इथेच आहे बघा, अल्फा जन्मतःच लाटेपेक्षा वेगवान, मग हळू होत होत तो लाटेच्या वेगाला येतो तेव्हा तिला आपली ऊर्जा देतो, लाट वाढते आणि उलट अल्फालाच बाहेर ढकलायला लागते. गरम करायच्या आधीच तो बाहेर गेला तर काय उपयोग?

पाचवा आकडा क्रिटिकल एनर्जीचा, ती इलेक्ट्रॉन तापमानाच्या साधारण ३३ पट, म्हणजे १० केईव्हीला ३३० केईव्ही (१००० केईव्ही म्हणजे १ एमईव्ही). याच्या वर असेपर्यंत अल्फा मुख्यतः इलेक्ट्रॉन तापवतो, आयन नंतर. म्हणून अल्फा हीटिंगचा पुरावा शोधताना पहिली नजर इलेक्ट्रॉन तापमानावर टाका.

मग एका अल्फाची कक्षा पायथनमध्ये स्वतः काढा. बोरिस पद्धत (चुंबकीय क्षेत्रातल्या कणाची वाट पायरी-पायरीने काढायची रीत) वापरा, टाइम स्टेप नॅनोसेकंदाच्या खाली ठेवा, आणि दर हजार स्टेपनंतर ऊर्जा प्रिंट करा, कारण नुसतं चुंबकीय क्षेत्र कणावर कामच करत नाही, त्यामुळे ऊर्जा हलली की कोड चुकलाय, फिजिक्स नाही. सुरुवातीचा कोन बदलत गेलात की काही कक्षा केळ्याच्या आकाराच्या दिसतील, त्या खरंच बनाना ऑर्बिटच. पण पूर्ण स्लोइंग डाउन, म्हणजे अल्फा हळू होत थंड होईपर्यंतचा प्रवास, असं काढायला जाऊ नका, त्याला सेकंदाच्या आसपास लागतो म्हणजे कोट्यवधी गिरक्या, तिथे गायडिंग सेंटरवरच, म्हणजे गिरकी सोडून फक्त तिच्या मध्याची वाट काढण्यावर, यावं लागतं. वेगवान कणांच्या कक्षा काढणारा ॲस्कॉट५ हा कोड खुला आहे, पण तो हे सगळं झाल्यावर घ्या, नाहीतर रंगीत चित्रं येतील आणि कळणार काहीच नाही.

आता खरी मजा, प्रयोगातला सिग्नल वाचायचा कसा. इंग्लंडमधल्या जेट या फ्युजन यंत्रात १९९७ साली फ्युजन पॉवर १६ मेगावॅटवर गेली, त्यातला अल्फांचा वाटा फक्त ३.२ मेगावॅट, आणि बाहेरून दिलेलं हीटिंग २० मेगावॅटच्या वर. एवढ्या गर्दीत अल्फाचं काम वेगळं ओळखणार कसं? त्यांनी बाहेरचं हीटिंग जवळपास स्थिर ठेवून ड्युटेरियम-ट्रिटियमचं प्रमाण बदलत नेलं. नुसतं ट्रिटियम घातल्याने काही फरक पडला असता तर तो ट्रिटियमबरोबर वाढतच गेला असता, पण इलेक्ट्रॉन तापमान वर गेलं ते मिश्रण फ्युजनला सोयीचं होतं तिथेच. माझ्या मते हा प्रयोग प्रत्येकाने आधी वाचावा, महागड्या उपकरणापेक्षा डोकं वापरलंय.

लाटांसाठी दुसरी युक्ती, आफ्टरग्लो. प्रिन्स्टनच्या टीएफटीआर या यंत्रात बीम (प्लाझ्मा तापवायला बाहेरून मारलेला वेगवान कणांचा झोत) चालू असेपर्यंत बीमचे आयनच लाट दाबून ठेवायचे. बीम बंद केला की ते आयन लवकर थंड होतात, अल्फा मात्र अजून टिकून असतात, आणि त्या छोट्या फटीत अल्फांनी उठवलेल्या लाटा सिग्नलमध्ये दिसल्या. त्यामुळे डेटा बघताना आधी बीम कधी बंद झाला ती वेळ बघा, मग स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारं चित्र) काढा. आणि सॅम्पलिंग (सेकंदाला किती नोंदी घेतल्या ते) लाटेच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त आहे ना ते तपासा, नाहीतर भलत्याच ठिकाणी रेषा दिसेल आणि तुम्ही तिच्यावर चॅप्टर लिहून मोकळे.

तिसरा मार्ग गॅमा किरणांचा. वेगवान अल्फा प्लाझ्मात मिसळलेल्या बेरिलियमवर आदळला की कार्बन-१२ तयार होतो आणि ४.४४ एमईव्हीचा गॅमा सोडतो. यासाठी अल्फा साधारण १.७ एमईव्हीच्या वरचा लागतो, म्हणजे थकलेले अल्फा आपोआप गाळले जातात. २००३ मध्ये जेटवर ट्रिटियमचा छोटा बीम मारून हा सिग्नल कसा उतरतो ते मोजलं, अल्फा किती वेळात हळू होतात ते त्यातून कळतं. पण सावध राहा, १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन साध्या कार्बनवर आदळला तरी नेमकी हीच ४.४४ ची रेषा येते. न्यूट्रॉन काउंट शेजारी ठेवल्याशिवाय या रेषेवर विश्वास ठेवू नका.

आणि इटरवर थिसिस करायचा विचार असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या, तिथली आतली भिंत आता बेरिलियमची नसून टंगस्टनची ठरलीय, त्यामुळे जेटची ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. भिंतीवर बोरॉनचा थर देणार आहेत, आणि अल्फा बोरॉन-१० वर आदळला तरी गॅमा येतात, पण वेगळ्या ऊर्जेचे. नवीन माणसाला करण्यासारखं काम मला तरी तिथे जास्त दिसतं.