एमपीएच प्रवेशाच्या निकालाची वाट बघताय? या चुका टाळा

दर जानेवारीत मला तोच फोन येतो. "ताई, नोव्हेंबरातच सबमिट केलंय, अजून एकाही युनिव्हर्सिटीचं काही आलं नाही. रिजेक्ट झालं असेल का?" मी उलट एकच विचारते, सोफासवर, म्हणजे सामायिक अर्जाच्या पोर्टलवर, स्टेटस काय दिसतंय? पलीकडे शांतता. मग कीबोर्डचा आवाज. मग, "रिसीव्ड दिसतंय ताई. म्हणजे मिळालाय ना त्यांना?"

नाही मिळाला. मी बीडीएस करून नंतर अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) केलं, आणि तेव्हापासून इकडचे डेंटिस्ट, बीएएमएस, फिजिओ, मायक्रोबायोलॉजीवाले ज्युनिअर्स अर्ज दाखवायला येतात. हुशार मुलं असतात. अर्ज झकास लिहितात आणि मग वाट बघण्याच्या चार महिन्यांत तो स्वतःच्या हाताने बिघडवतात. म्हणून सगळ्यात आधी हे तपासा की तुम्ही कॉलेजची वाट बघताय, की कॉलेज तुमच्या एखाद्या कागदाची वाट बघतंय. निम्म्या वेळा दुसरंच निघतं.

"सबमिट" झालं म्हणजे पोचलं असं समजणं

सोफास हा अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या बहुतेक कॉलेजांचा सामायिक अर्ज. आपल्याकडच्या सीईटी सेलच्या कॅपची सवय असते, म्हणून मुलांना वाटतं की फॉर्म भरला, आता यादी लागेल. पण सोफास कुणाला प्रवेश देत नाही. ते कागद गोळा करतं, तपासतं आणि पुढे पाठवतं. निर्णय प्रत्येक कॉलेज आपापला घेतं, आणि बहुतेक कॉलेजं अर्ज "व्हेरिफाइड" झाल्याशिवाय वाचायलाच घेत नाहीत. "रिसीव्ड" याचा अर्थ फॉर्म आणि पैसे पोचले, कागद यायचेत. तपासणीला महिनाभर लागू शकतो, आणि तो महिना कागद आल्यावर सुरू होतो. काही कॉलेजांची १ डिसेंबर ही तारीख सबमिट करण्याची असते, काहींची व्हेरिफाइड होण्याची. हा फरक वाचायचा कंटाळा करणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो.

माझं काय झालं ते सांगते, कारण मीसुद्धा तेच केलं होतं.

मी २७ नोव्हेंबरला सबमिट केलं. पाच कॉलेजं. माझ्या बीडीएसच्या मार्कशीटवर नाव आपल्या पद्धतीचं होतं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. सगळं माहेरचं. मधल्या काळात लग्न झालं आणि पासपोर्ट सासरच्या नावाने निघाला. सोफासमध्ये मी पासपोर्टवरचं नाव भरलं. तुमचे कागद दुसऱ्या कुठल्या नावाने येणार आहेत का, असा एक प्रश्न तिथे असतो. मी तो रिकामा सोडला, कारण रात्रीचे दोन वाजले होते आणि मला एकदाचं संपवायचं होतं.

मार्कशीटचं मूल्यांकन, म्हणजे आपले गुण अमेरिकी पद्धतीत मांडणारा अहवाल, माहेरच्या नावाने झालं आणि माहेरच्याच नावाने सोफासकडे गेलं. तिथे त्या नावाची अर्जदारच नव्हती. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी रोज कॉलेजांच्या ईमेलसाठी इनबॉक्स उघडत होते, सोफासचं पान मात्र एकदाही उघडलं नाही. ९ फेब्रुवारीला आईकडे गेले होते, तिथे दुपारी सहज लॉगिन केलं. मूल्यांकनाच्या ओळीपुढे लिहिलेलं होतं की मिळालेलं नाही. अडीच महिने ते तसंच होतं. आई चहा घेऊन आली आणि माझा चेहरा बघून कप हातातच धरून उभी राहिली.

संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडचं ऑफिस सकाळी नऊला उघडल्याबरोबर, फोन लावला. विवाह नोंदणीचा दाखला पाठवला, दोन्ही नावांचा खुलासा लिहिला, कागद जुळले, तपासणी झाली. मार्च उजाडला. एप्रिलमध्ये एका कॉलेजने प्रवेश दिला, पण शिष्यवृत्तीचे पैसे तोवर वाटून झाले होते. पूर्ण फी भरण्याची आमची ऐपत नव्हती. त्या वर्षी मी गेले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाचही अर्ज केले. एक रिकामी जागा भरायला मला तीस सेकंद लागली असती.

म्हणून माझी सवय सांगते, आणि जे ज्युनिअर्स माझ्याकडे येतात त्यांना ती लावतेच. वहीच्या एका पानावर आडव्या ओळी आखायच्या. प्रत्येक कॉलेजची एक ओळ. त्यात लिहायचं: सोफासचं स्टेटस, मूल्यांकन, इंग्रजीचा स्कोअर, तिन्ही शिफारसपत्रं, कॉलेजचं स्वतःचं पोर्टल. दर सोमवारी हे पान समोर ठेवून प्रत्येक ठिकाणी लॉगिन करायचं आणि तारीख टाकायची. एक्सेल चालेल, पण मला वही आवडते. वहीतली रिकामी चौकट डोळ्यात खुपते.

आणि नावाचं आत्ताच बघा. पासपोर्ट, मार्कशीट, टोफेल किंवा आयेल्ट्स, मूल्यांकन, बँकेचे कागद असे सगळे एकाशेजारी एक मांडा. "कुलकर्णी" एका ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याने असेल तरी ते लेखी कळवा. पुढे आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) आणि व्हिसाच्या वेळी हेच नाव पुन्हा समोर येणार आहे.

स्वस्तातलं मूल्यांकन मागवणं

डब्ल्यूईएस ही मार्कशीटचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्याकडे अनेक प्रकारचे अहवाल मिळतात. सोफासला लागतो तो विषयवार गुणांचा, आयकॅप प्रकारचा, ज्यात तुमच्या मार्कशीटच्या प्रतीही जोडलेल्या असतात. थोडे डॉलर वाचवायला नुसता पदवीचा अहवाल मागवला, की तो उपयोगाचा नाही हे जानेवारीत कळतं आणि वरचे पैसे आणि वेळ दोन्ही पुन्हा जातात. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट निघायला किती खेटे पडतात हे ज्याने अनुभवलंय, त्याने तरी शेवटच्या पायरीवर काटकसर करू नये.

शिफारसपत्र दिलं असेल असं गृहीत धरणं

सरांना विचारलं, सर "हो हो, टाकतो" म्हणाले, विषय संपला. असं नसतं. शिफारसपत्राची लिंक सरांच्या ईमेलवर जाते, ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, आणि विभागप्रमुखांचं स्पॅम कुणी उघडत नाही. पोर्टलवर "कम्प्लीटेड" दिसेपर्यंत पत्र आलेलं नाही. डब्यात पेढे घेऊन जा, सरांच्या शेजारी बसा, लिंक शोधून द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

पासवर्ड एजंटकडे ठेवणं

"सगळं आम्ही बघतो" म्हणणारे एजंट स्वतःच्या ईमेलवरून तुमचं खातं काढतात. मग कॉलेजने मागितलेला कागद, मुलाखतीचं निमंत्रण, निकाल, सगळं त्यांच्या इनबॉक्समध्ये. खातं तुमच्या ईमेलचं, पासवर्ड तुमचा. जो एजंट याला नाही म्हणतो त्याच्याकडचे कागद त्याच दिवशी परत आणा.

दिवसात चाळीस वेळा रिफ्रेश करणं

हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेनऊ. म्हणजे तुमच्या दिवसभरात तिथली माणसं झोपलेली असतात. दुपारी तीनला क्लिनिकमध्ये पेशंट खुर्चीत असताना फोन बघून काही मिळणार नाही. सकाळी सात वाजता एकदाच बघा. तोवर तिकडचा कामाचा दिवस संपलेला असतो, कॅलिफोर्नियातलासुद्धा, आणि जे यायचं ते आलेलं असतं. ईमेल, स्पॅम, आणि प्रत्येक कॉलेजचं पोर्टल, कारण कित्येकदा ईमेल फक्त "पोर्टलवर बदल झालाय" एवढंच सांगतो आणि पत्र आत असतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला कधी आलं हे बघून स्वतःचा निकाल ठरवू नका. काही कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, काही सगळे एकदम वाचतात. एकाच कॉलेजात एपिडेमिऑलॉजी आणि हेल्थ पॉलिसीचे निकालही वेगवेगळ्या आठवड्यांत लागू शकतात. तुमच्या मैत्रिणीला ३ फेब्रुवारीला पत्र आलं यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

दर आठवड्याला कॉलेजला ईमेल पाठवणं

एकदाच, आणि कारण असेल तरच. विषयात तुमचा अर्ज क्रमांक आणि कोर्स, खाली एक प्रश्न, चार ओळी. वेटलिस्टवर असाल तर एक पानाचं पत्र जरूर पाठवा: अर्जानंतर काय नवीन केलं, हाच कोर्स का हवा. तेही एकदाच.

घाबरून डिपॉझिट भरणं

ही माझ्या रागाची दुसरी जागा.

एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, वडील सहकारी बँकेत क्लार्क. फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं पत्र आलं, घरात पेढे वाटले गेले. पत्रात लिहिलं होतं की दोन आठवड्यांत होकार आणि पाचशे डॉलर डिपॉझिट. शिष्यवृत्तीचं नाव नव्हतं. तिने मला फोन केला तेव्हा पैसे जाऊनही झाले होते, वडिलांनी एफडी मोडली होती. "ताई, जागा गेली असती ना." नऊ दिवसांनी तिच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजचं पत्र आलं, निम्मी फी माफ. पाचशे डॉलर परत मिळाले नाहीत. त्यापेक्षा वाईट म्हणजे कर्जाचं प्रकरण पहिल्या कॉलेजच्या नावाने बँकेत गेलं होतं, ते सगळं पुन्हा करावं लागलं.

दोन आठवडे लिहिलेले असताना तिसऱ्या दिवशी पैसे भरायची काही गरज नसते. मुदत वाढवून मागता येते. "आणखी दोन कॉलेजांचे निकाल यायचे आहेत, मला अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का, आणि शिष्यवृत्तीचा निर्णय कधी होईल", एवढं नम्रपणे लिहा. कित्येक कॉलेजं वेळ देतात. नाही दिला तर शेवटच्या दिवशी ठरवा, मधल्या दिवसांत दुसऱ्या कॉलेजांना तुमची अडचण कळवून निकालाबद्दल विचारा.

आता "पंधरा एप्रिलपर्यंत कुणी सक्ती करू शकत नाही" असं सांगणारे भेटतील. हे अर्धवट आहे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा तो ठराव आर्थिक मदतीच्या प्रस्तावांबद्दल आहे, म्हणजे असिस्टंटशिप, फेलोशिप वगैरे, आणि ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे त्यांच्यापुरता. एमपीएचच्या बहुतेक मुलांना नुसता प्रवेश मिळतो, मदत नाही. तिथे पत्रात लिहिलेली तारीखच खरी.

पैशाचं काम निकालानंतर बघू म्हणणं

जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं, के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्जाची योजना आहे आणि तिथे प्रवेशाचा नुसता अर्ज केलेलेही चालतात. या दोन्हींचे फॉर्म तुम्ही वाट बघत असता त्याच महिन्यांत निघतात आणि बंदही होतात. पत्र आल्यावर शोधायला निघालात तर खिडकी बंद झालेली दिसेल. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा अर्ज तर आदल्या वर्षीच करावा लागतो.

बँकेतही आत्ताच जाऊन या. तारण काय, जामीनदार कोण, सात-बारा कुणाच्या नावावर, काकांची सही लागेल का, हे प्रश्न मे महिन्यात सुटत नाहीत. आय-२० साठी पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा मागतात, आणि त्याशिवाय व्हिसाची तारीखही घेता येत नाही.

भारतातले अर्ज सोडून देणं

त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरमध्ये १९९७ पासून एमपीएच शिकवलं जातंय, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात कोर्स आहे. यांना "बॅकअप" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालते. ज्यांना पुढे महाराष्ट्रातच काम करायचंय त्यांच्यासाठी हे पहिल्या पसंतीचे असू शकतात. त्यांच्या तारखा त्याच वहीत लिहा.

बाकीच्या, थोडक्यात

पत्र हातात येण्याआधी नोकरीचा राजीनामा देऊ नका.

पासपोर्टची मुदत बघा. इंग्रजीचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, तोही बघा.

इंटर्नशिप किंवा शेवटचं वर्ष चालू असेल तर पासिंग सर्टिफिकेट कधी मिळणार हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवा.

नातेवाइकांना कॉलेजांची नावं सांगू नका. "एप्रिलमध्ये कळेल" एवढंच. माझ्या सासूबाईंनी हे उत्तर सगळ्यांना माझ्या वतीने दिलं, आणि त्या चार महिन्यांत मला त्याचा फार आधार झाला.

आणि एक प्रश्न प्रत्येक कॉलेजला, प्रवेश मिळाल्यावर पण पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या कोर्सचा सीआयपी कोड (अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक) काय? शिक्षणानंतर अमेरिकेत ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं. कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी चोवीस. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड स्टेममध्ये आहेत, सर्वसाधारण एमपीएचचा नाही. दोन कॉलेजांची पत्रं समोर असताना, आणि डोक्यावर कर्ज असताना, हा फरक फीइतकाच मोठा आहे. उत्तर ईमेलवर लेखी घ्या.